जावयाच्या लग्नाची कॅसेट

आप्पांचे हात थरथरायला लागले तशी घरातल्या एकेका यंत्राने त्यांची साथ सोडली. मोबाइलवर बोट टेकवायला जावं तर भलत्यालाच फोन लागायचा. टिकून राहिला तो त्यांचा जुना कॅमकॉर्डर. "बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटलं पाहिजे," आप्पा म्हणत, आणि त्याच्या एवढ्याशा पडद्यावर घरच्या टेपा बघत दुपार काढत. अडचण एकच होती. टेप बदलणं त्यांना जमेना.

म्हणून थोरल्या लेकीने ठरवलं की सगळ्या टेपांमधलं निवडक संगणकावर घ्यायचं आणि त्याची एकच टेप करून द्यायची. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. माणसाच्या आतलं दिसतं, मग बाहेरचं काय अवघड, असा तिचा हिशेब. जुळवाजुळव झाली, कॅमकॉर्डरला केबल जोडली, कोरी टेप घातली. निम्म्याच्या जरा पुढे सरकलं आणि कॅमकॉर्डर थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'संरक्षित चित्रण. नक्कल करता येणार नाही.'

"कुणापासून संरक्षित?" आप्पांनी विचारलं.

"आपल्यापासून."

तिने केबल बदलली, टेप बदलली, कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. गाडी त्याच जागी अडली. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला, "सिनेमा असेल, ताई."

"घरचं चित्रण आहे हो."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग तिने एकेक तुकडा वेगळा करून पाठवायला घेतला. सहल गेली, बारसं गेलं, गच्चीवरचा पतंग गेला. धाकटीचं लग्न आलं आणि कॅमकॉर्डरने पाय रोवले. बाकी सगळं आप्पांनी काढलेलं, हे तेवढं स्टुडिओवाल्याचं. संगणकाने ते निमूट गिळलं होतं, कॅमकॉर्डर मात्र तत्त्वाचा निघाला.

रविवारी धाकटी आणि जावई आले. थोरलीने विचारल्यावर जावयाने घसा खाकरला.

"स्टुडिओवाला म्हणाला होता, कॅसेटला कुलूप घालून देतो. म्हणजे कुणी चोरून नक्कल काढणार नाही. मी म्हटलं, घाला."

"तुमच्या लग्नाची नक्कल कोण काढणार होतं?"

"तेव्हा काय सांगता येतं, ताई?"

कुलूप काढून घ्यायला जावं, तर स्टुडिओच्या जागी केव्हाच गाद्यांचं दुकान आलं होतं.

"मग तेवढा तुकडा वगळू," थोरली म्हणाली. जावयाने चहाचा कप खाली ठेवला.

"वगळायचा नाही," आप्पा म्हणाले. "त्यात ही आहे."

आई आता उरली होती ती टेपांमध्येच. पण तिला कॅमेऱ्याचं वावडं होतं. आप्पांच्या चित्रणात ती कुठे होती, तर पाठमोरी, नाहीतर भिंगापुढे आडवा आलेला हात. "पुरे हो, त्या झाडाचं काढा," एवढा आवाज. स्टुडिओवाला परका, त्याच्यावर हात उगारता येईना, म्हणून त्या लग्नात तेवढी ती समोर बघत उभी राहिली होती.

थोरली उठली. तिने पडदे ओढले, खुर्चीवर उशा रचल्या, त्यांवर कॅमकॉर्डर बसवला आणि टीव्हीकडे रोखला. जावयाची कॅसेट टीव्हीवर लावली. नक्कल करू देत नाही म्हणता? मग बघू द्याल की नाही?

"कुणी हलायचं नाही. श्वास घ्या, रोखून धरा," ती सवयीने म्हणाली, आणि जावयाने खरोखरच धरला.

टीव्हीवर आई आली. मानेला ताठा, चेहऱ्यावर दाढ दुखत असल्यासारखा भाव.

"ताई, कॅमेरेवाल्याकडे कसं बघतेय बघ," धाकटी कुजबुजली. "आता हाणेल त्याला." तिला हसू फुटलं, थोरलीला ते लागलं, आणि आतापावेतो लालबुंद झालेल्या जावयाने एकदम श्वास सोडला.

कॅमकॉर्डरने हूं की चूं न करता सगळं टिपलं. पुढचे तुकडे थोरलीने संगणकावरून त्याच टेपवर पाठवले. तेही बिनबोभाट गेले.

तिने तपासून बघितलं. टीव्ही थोडा तिरका आला होता, आवाज डब्यातून आल्यासारखा, वर हसणं, आणि काचेत सोफ्यावरच्या तिघांची प्रतिबिंबं.

"पुन्हा काढते, आप्पा. या वेळी सगळ्यांना बाहेर काढून."

"हात लावायचा नाही." आप्पांनी कॅमकॉर्डर मांडीवर ओढला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला. एवढ्याशा पडद्यावर आई समोर बघत होती, तिच्या खांद्याशी काचेतली धाकटी तोंड दाबून हसत होती, आणि शेजारी गाल फुगवलेला कुणीतरी.

"हा कोण?" आप्पांनी विचारलं.

"अहो, मी तो," जावई म्हणाला.

"हो का?" आप्पा म्हणाले. "बरा आलायस." आणि त्यांनी पुन्हा मागचं बटण दाबलं.