सोजरबाईंचं पुस्तक आणि माझा लाल दिवा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. रंग काळा, कडा चंदेरी, हँडल एका बाजूनं तुटलेलं. माझं झाकण अजून नीट उघडतं, पण आत कॅसेट घालणारं आता कोणी नाही. तरी मित्रांनो, मी रडगाणं गाणार नाही, माझा तसा स्वभावच नाही. मी एका लेखिकेच्या घरी राहतो. लेखिका म्हणजे दिवसभर टेबलाशी बसून लिहिणारी बाई, असं तुम्हांला वाटत असेल तर तुमचा गैरसमज मी आज दूर करणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. ती पट्टी केव्हाच निघून गेली. मला आठवतं ते रविवार पेठेतलं जब्बारभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. जब्बारभाई डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवत आणि मी शेजारी कव्वाल्या गात असे. गिऱ्हाईकं म्हणायची, "काय स्वच्छ आवाज आहे हो!" ते ऐकून मी फार शेफारलो. मला सगळ्यात जास्त अभिमान होता तो माझ्या लाल दिव्याचा. रेकॉर्डचं बटण दाबलं की तो पेटायचा. तो पेटला की समोरच्या माणसानं ताठ बसावं, घसा साफ करावा आणि शुद्ध बोलावं, असं माझं ठाम मत होतं.

जब्बारभाईंची मुलगी बिलकिस एम. ए. झाली आणि तिनं घरात जाहीर केलं, की मी नोकरी करणार नाही, मिळतील ती लेखनाची कामं घेईन आणि त्यावर जगेन. हे दोन हजार एक सालातलं. जब्बारभाई हसले आणि त्यांनी मला दुकानातून उचलून तिच्या टेबलावर आणून ठेवलं. तिची आई अमिनाबी मात्र हसली नाही. तिनं खडकीच्या एका कारखान्यातल्या कारकुनाच्या जागेचा फॉर्म आणला आणि कपाटावर ठेवला. शेवटची तारीख होती एकतीस मार्च. तोवर धड काम मिळालं तर ठीक, नाहीतर फॉर्म भरायचा, असं मायलेकींचं ठरलं. बिलकिसनं मान हलवली खरी, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही हे मला ठाऊक आहे.

मग सुरू झाली भटकंती. सकाळी दहाला ती कात्रणांची फाइल घेऊन बाहेर पडायची. एका कचेरीत दोन तास बसवून ठेवून संपादक म्हणाले, "ठेवून जा. आवडलं तर कळवू. कळवलं नाही, तर आपण काय ते समजून घ्या." दुसऱ्यांनी लेख घेतला, पण त्यासोबतचे फोटो तिलाच काढून आणायला लावले. ती झेरॉक्सच्या रांगेत उभी राहायची, पाकिटांवर पत्ते घालायची, कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन करून "माझं पत्र मिळालं का?" असं अदबीनं विचारायची. काम मिळालं ते फरसाणच्या पुड्यावरचा मजकूर, एका शिकवणीचं माहितीपत्रक आणि एका मंगल कार्यालयाच्या सूचनांचा फलक. त्या फलकावर 'पंगतीत जागा धरण्यासाठी रुमाल टाकू नये' असं वाक्य आहे, ते बिलकिसचं.

अमिनाबी घरातल्या दखनीत विचारायची, "लिखने का काम है, के फिरने का?"

बिलकिस फाइल उचलून पुन्हा बाहेर पडायची. मी मात्र नुसता टेबलावर धूळ खात होतो आणि मला तिचा थोडा रागच येत होता.

डिसेंबरात त्याच मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी तिला एक नाव दिलं. खराडीचे हिंदुराव. वडिलोपार्जित शेती, पुढे वीटभट्टी, त्यानंतर बांधकामाचा धंदा. आई सोजरबाई पंचाहत्तर वर्षांच्या होत होत्या, आणि अक्षय्य तृतीयेला त्यांचा मोठा सत्कार करून त्या दिवशी त्यांच्या जीवनावर पुस्तक काढायचं हिंदुरावांच्या मनात होतं. बिलकिस मला शबनम पिशवीत घालून बसनं खराडीला गेली. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहू लागल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी वांग्याची शेतं होती.

हिंदुराव उंच आणि रुबाबदार. मोजकं बोलणारे. म्हणाले, "मॅडम, पुस्तक भारदस्त पाहिजे. मार्चअखेर मजकूर माझ्या हातात द्या. पसंत पडला तर छापू. आमच्या पाहुण्यांत तुमचं नाव होईल. नाही पडला, तर दुसरा लेखक बघू."

म्हणजे फॉर्मची तारीख आणि पुस्तकाची तारीख एकच. बिलकिसचा जीव टांगणीला लागला.

मला मोठ्या थाटानं बैठकीच्या खोलीत ठेवलं गेलं. माझा दिवा पेटला. सोजरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली, "सन्माननीय अध्यक्ष आन् जमल्याले समदे पाव्हणे..."

मित्रांनो, मला धन्य वाटलं! पण बिलकिसचा चेहरा उतरला. पुढचे आठ दिवस हेच. त्या घरात सत्कार आणि उद्घाटनं इतकी झाली होती, की माझ्यासारखी वस्तू दिसली की सगळ्यांना माइकच वाटायचा. सून मैनाताई आली, तिनं अध्यक्षांचे आभार मानले. शेजारचे मच्छिंद्रआबा आले, त्यांनी "मी आपला जास्त वेळ घेणार नाही" म्हणून पाऊण तास घेतला. चार कॅसेटी भरल्या आणि त्यात सोजरबाई कुठेच नव्हत्या.

बिलकिस तरी रोज जात राहिली. लिहायला काही नव्हतं, म्हणून इतर कामं करू लागली. तिनं ट्रंकेतले फोटो काढून पुसले आणि मागे नावं लिहिली. मैनाताई आणि तिच्या जावेच्या फोटोंचा आकार सारखा आहे ना, हे पट्टीनं मोजून दाखवलं, कारण त्यावरून घरात अबोला धरला गेला होता. एका बारशाला जाऊन पाळण्याची दोरीही ओढून आली. सोजरबाईंचं जन्मसाल सापडेना, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीला शोधत लोणीकंदला गेली.

जानेवारीत एका दुपारी मागच्या अंगणात मटाराचं पोतं आलं. सोजरबाई सोलायला बसल्या. बिलकिसही शेजारी बसली. तिनं मला पायरीवर ठेवलं आणि बटण दाबलं. सोजरबाईंची नजर माझ्या दिव्यावर गेली, हात थांबले, मान ताठ झाली.

बिलकिस म्हणाली, "आजी, मैनाताईंची एक टिकली मागून घ्या बरं."

आणि ती टिकली तिनं माझ्या लाल दिव्यावर चिकटवली! इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

"आजी, यंत्र चालू आहे हं. फक्त त्याचा डोळा झाकलाय."

"आसू दे चालू," सोजरबाई म्हणाल्या. "त्यो बिचारा मधी मधी बोलत न्हाय, ह्येच लई झालं."

मग शेंगा फुटायचा आवाज, परातीत दाणे पडायचा आवाज, आणि सोजरबाई बोलू लागल्या. सासरी आल्या तेव्हाची गोष्ट, विहिरीवरच्या इंजिनाची गोष्ट, नवरा गेल्यावर दिराशी कशा भांडल्या त्याची गोष्ट. मध्येच "आगं, ह्यो किडका हाय, टाक तो" असंही. मी ते सगळं टिपलं. आधी रुसून टिपलं, मग लक्ष देऊन टिपलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत माझा रुसवा पार गेला होता. शुद्ध बोलण्यापेक्षा खरं बोलणं ऐकायला किती गोड लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

फेब्रुवारीत एकदा सोजरबाईंनी हिंदुरावांबद्दल सांगितलं. नंतर त्या नुसत्या शेंगा सोलत राहिल्या. बिलकिसनं हळूच विचारलं, "आजी, हे पुस्तकात घालू का?"

"घाल. माझ्या तोंडानं सांगायचं ऱ्हायलं. तू तरी सांग त्याला."

मार्चच्या पंचवीस तारखेला बिलकिस लिहिलेला गठ्ठा घेऊन हिंदुरावांसमोर बसली. त्यांनी पाच-सहा पानं चाळली आणि गठ्ठा बाजूला सरकवला.

"हे काय मॅडम? 'हाय', 'न्हाय', 'म्या'? आमची आई आहे ती. पाहुणे हसतील. सुरुवात कशी पाहिजे? 'थोर माता, आदर्श गृहिणी' अशी. हे नाही चालायचं."

"नववं प्रकरण वाचलंत का?"

"एवढं वाचायला वेळ कुणाला आहे? दुसरा लेखक बघतो मी."

बिलकिसनं गठ्ठा उचलला. 'बदलून देते' म्हटलं असतं तर काम वाचलं असतं. ती म्हणाली, "बघा. पण त्याआधी दहा मिनिटं ऐका." आणि तिनं मला पिशवीतून काढलं.

मित्रांनो, माझा आतला पट्टा तेव्हाच ढिला झाला होता. रीळ कधीही अडकायचं. मी मनातल्या मनात जब्बारभाईंचं नाव घेतलं आणि जीव खाऊन फिरू लागलो.

सोजरबाईंचा आवाज आला. "मालक गेलं तवा हिंदू सातवीत व्हता. वर्गात पयला नंबर. पर इंजिनावर कोन बसनार? म्या त्याची शाळा सोडवली. येका शब्दानं बोलला न्हाय. पर दर साली जून म्हयन्यात शाळा सुरू व्हायच्या दिशी त्यो भिताडाआड हुबा ऱ्हायचा, पोरांची परार्थना ऐकाया. म्या तवा मुद्दाम चुलीपाशी बसायची, दिसलंच न्हाय आसं दावाया. दिसत व्हतं गं पोरी. समदं दिसत व्हतं. माझं चुकलं, येवढं म्हनाया मला आजवर जमलं न्हाय."

मग नुसता शेंगा फुटायचा आवाज.

हिंदुराव खिडकीकडे पाहत होते. मान न वळवता म्हणाले, "पुन्हा लावा."

बिलकिसनं रीळ मागे घेतलं. मी पुन्हा सांगितलं. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी येत असतं तर मी ओलाचिंब झालो असतो.

दुसऱ्यांदा आवाज थांबला तेव्हा ते उठले आणि आत आईच्या खोलीत गेले. दार लोटलं गेलं. मी टेबलावरच होतो, बंद. आत दोघं काय बोलली ते मला माहीत नाही आणि माहीत नाही हेच बरं. सगळंच काही टिपून ठेवायचं नसतं.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. खुर्चीत बसत ते म्हणाले, "आहे तसंच छापा. एक काना बदलू नका." मग नेहमीच्या आवाजात, "आणि वाघोलीला माझे सासरे आहेत. ऐंशीला टेकलेत, फार बोलतात. त्यांचंही घ्या लिहायला."

घरी येऊन बिलकिसनं सगळं सांगितलं. अमिनाबी ऐकत राहिली. एकतीस तारीख आली आणि गेली, फॉर्मचा विषय कोणी काढला नाही. एक तारखेला सकाळी अमिनाबीनं डबा भरून लेकीच्या हातात दिला आणि विचारलं, "वाघोलीला बस कुठून सुटते?"

त्यानंतर मी बारा वर्षं काम केलं. किती आजी, किती आजोबा, किती गुरुजी, एक बँडमास्तरसुद्धा. मग बिलकिसकडे मोबाइल आला. सुरुवातीला तिला माझी आठवण यायची, पुढे येईनाशी झाली. कोणीतरी सेल आत ठेवूनच मला माळ्यावर टाकलं, ते सेल फुटले आणि माझं पोट गंजलं. गेल्या वर्षी तिनं मला खाली काढलं, पुसलं आणि पुस्तकांच्या कपाटात मानाची जागा दिली. मी चालत नाही, पण खूश आहे.

तेव्हा मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी सांगतो. वस्तू ठेवून देताना तिच्यातले सेल आठवणीनं काढत जा. आणि घरातल्या माणसाला काही सांगायचं राहिलं असेल, तर ते आपल्या तोंडानं सांगून टाका, एखाद्या यंत्रावर भरवसा ठेवून बसू नका. सगळ्यांच्या घरी जायला बिलकिसला आता अजिबात वेळ नसतो.