योग्य वाटेल तोपर्यंत

देशात कुणी कुठल्या गुन्ह्यासाठी किती दिवस आत बसायचं हे ज्या गृहस्थांनी ठरवायचं होतं, त्यांच्याशी त्यांची बायको सोमवारपासून बोलत नव्हती.

कायदा खात्यात त्यांना सगळे मुदतराव म्हणत. नव्या दंडसंहितेतलं शिक्षांचं प्रकरण त्यांच्याकडे सोपवलेलं होतं, आणि त्यांनी ते मन लावून रचलं होतं. किरकोळ गुन्हा असेल तर नुसता दंड. मध्यम असेल तर साधी कैद. गंभीर असेल तर सक्तमजुरी, ती पार जन्मठेपेपर्यंत. प्रत्येक वर्गाला खालची हद्द, वरची हद्द. सगळं कसं कपाटातल्या घड्या घातलेल्या कपड्यांसारखं. फक्त एका कलमाला हद्द नव्हती, आणि नेमकं तेच त्यांचं शेंडेफळ होतं. न्यायालयाचा हुकूम न पाळणाऱ्याला कैद, आणि ती किती, तर 'न्यायालयास योग्य वाटेल तोपर्यंत'. केवढं सुटसुटीत! मुदतराव ते कलम अधूनमधून उगाच काढून बघत.

मसुदा शनिवारी सकाळी समितीपुढे जायचा होता आणि आज शुक्रवारची संध्याकाळ होती. मसुद्याचं वाचन अजून झालेलं नव्हतं.

वाचन म्हणजे काय, ते सांगायला हवं. लग्न झाल्यापासून मुदतरावांचं एकही कलम बायकोने मोठ्याने वाचल्याशिवाय घराबाहेर पडलेलं नव्हतं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्या आरामखुर्चीत बसून वाचायच्या आणि मुदतराव डोळे मिटून ऐकायचे. बाईंचा दम जिथे संपेल तिथे पूर्णविराम. भुवई वर गेली तर शब्द बदलायचा. त्या "हं?" म्हणाल्या तर अख्खं कलम केराच्या टोपलीत. मुदतरावांच्या स्वच्छ भाषेची खात्यात ख्याती होती, तिचं सगळं गुपित त्या आरामखुर्चीत बसलेलं असायचं.

आता खुर्चीही होती आणि बाईही होत्या. फक्त आवाज नव्हता.

चहा वेळेवर मिळत होता. सदऱ्याला इस्त्री होती. कपाटाचं दार अलगद लागत होतं, आणि तेच जीवघेणं होतं. दार आपटलं असतं तर निदान आरोप काय आहे याचा अंदाज आला असता.

"तू विचार ना तिला," त्यांनी मुलीला गाठून सांगितलं. मुलगी दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हाच तिचा धंदा.

"विचारलं. म्हणाली, तुझ्या बाबांना माहीत आहे."

"मला माहीत नाहीये!"

"तेही सांगितलं. म्हणाली, मग जास्तच वाईट."

मुदतरावांनी स्वतःच वाचून पाहिलं. पण स्वतःच्या आवाजात सगळीच कलमं गोड लागतात. मग मुलीला वाचायला बसवलं. तिने जन्मठेप अशा सुरात वाचली की जणू दाढ काढायची आहे आणि फार दुखणार नाही. शेवटी मुदतरावांनी कायद्याचा माणूस करील तेच केलं. कबुली दिली तर शिक्षेत सूट मिळते. आरोप ठाऊक नाही म्हणून काय झालं? वर्गवारीने जावं, खालून सुरुवात करावी, कुठेतरी बरोबर लागेल.

बाई खिडकीशी उसवलेली उशी शिवत होत्या. मुदतराव समोर जाऊन उभे राहिले.

"हे बघ, किरकोळ आधी. तुझं ते खिडकीतलं गुलाबाचं रोप कीड लागून मेलं नाही. थंड झालेला चहा मी त्यात ओतायचो. साखरेसकट."

सुई थांबली. बाईंनी वर पाहिलं आणि पुन्हा टाका घातला. म्हणजे हे नव्हे.

"मध्यम. तुझा भाऊ आठवडाभर राहायला येणार होता ना, त्याला मीच कळवलं की घरात रंगकाम काढलंय."

"अय्या!" मुलगी दारातून म्हणाली. "म्हणून ते रिकामे डबे आपण जिन्यात मांडून ठेवले होते?"

"तू माफीची साक्षीदार आहेस. गप्प बस."

बाईंनी चष्मा काढला. मुदतरावांना वाटलं, जवळ आलो. ते थेट गंभीर वर्गात शिरले.

"शाळेतल्या तुझ्या निरोपाच्या दिवशी तू भाषण केलंस. मी डोळे मिटून ऐकत नव्हतो. झोपलो होतो."

"ते सगळ्या शाळेला माहीत आहे, बाबा. घोरत होता तुम्ही."

बाईंनी उशी बाजूला ठेवली. दोरा दातांनी तोडला. आणि सोमवारपासून पहिल्यांदाच नवऱ्याशी बोलल्या.

"झालं?"

"झालं."

"यातलं एकही नव्हतं."

मुदतराव तिथल्या तिथे स्टुलावर बसले. तीन गुन्हे कबूल, आणि मूळ खटला अजून उभाच!

"सोमवारी वाचनालयात तुमच्या समितीच्या अध्यक्षांची बायको भेटली," बाई म्हणाल्या. "म्हणाली, आमचे हे तुमच्या यजमानांचं फार कौतुक करतात हो. यांनी त्यांना विचारलं, इतकं स्वच्छ कसं लिहिता? तर म्हणाले..." बाईंनी हुबेहूब नवऱ्याचा आवाज काढला. "'काही नाही साहेब, घरी शांतता असते. एकट्याने बसलं की आपोआप सुचतं.'"

मुलीने हळूच दाराआड तोंड लपवलं.

"म्हटलं, माणसाला एवढी शांतता मानवते, तर आपण कशाला हात आखडता घ्यायचा?"

मुदतरावांचे कान तापले. अध्यक्षांसमोर ते वाक्य किती सहज तोंडातून निघालं होतं! सोबत चेहऱ्यावर एक विनम्र हसूही आणलं होतं, तेही आठवलं.

"चुकलं," ते म्हणाले. "शिक्षा मान्य. पण मुदत किती?"

"मला योग्य वाटेल तोपर्यंत."

मुदतरावांनी झटकन मान वर केली. "तू मसुदा वाचलास?"

"धूळ पुसताना. मनातल्या मनात."

"एकदा मोठ्याने वाच ना. ते एवढंच कलम."

बाईंनी जरा वेळ लावला. मग चष्मा चढवला, आरामखुर्चीत बसल्या, कागद हातात घेतला. मुदतरावांनी डोळे मिटले. वर्गात घुमावा तसा आवाज खोलीत घुमला, "...अशी व्यक्ती न्यायालयास योग्य वाटेल तोपर्यंत..." आणि तिथेच थांबला.

"इथे श्वास अडकतो," बाई म्हणाल्या.

"अडकतो खरा. माझा सोमवारपासून अडकलाय."

त्यांनी पेन काढून आपलं शेंडेफळ आपल्याच हाताने खोडलं. वर लिहिलं, आरोप आधी सांगावा, आणि मुदत शिक्षेच्या वेळीच ठरवावी. बाईंनी ते वाचून पाहिलं. भुवई जागची हलली नाही.

"मग मी सुटलो?" मुदतरावांनी आशेने विचारलं.

"सुटता कसले? आता रीतसर देते. गुलाब किरकोळ. नवं रोप आणायचं, आणि त्याला पाणी घालायचं. पाणी! माझा भाऊ मध्यम. तो आठवडाभर येईल, आणि तुम्ही त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचं."

"म्हणजे साधी कैदच ना?"

"तो चाल परत घेतो."

"सक्तमजुरी," मुलगी म्हणाली.

"आणि ते भाषण मला अजून पाठ आहे. पुन्हा करीन. तुम्ही उभ्याने ऐकायचं."

मुदतरावांमधला मसुदाकार एवढ्यातही जागा होता. "या शिक्षा एकदम भोगायच्या की एकापाठोपाठ?"

"एकापाठोपाठ. भावासमोर भाषण केलं तर दोघेही घोराल."

"आणि मूळ गुन्हा? तो कुठल्या वर्गात?"

बाईंनी नुसतं टेलिफोनकडे बोट दाखवलं.

मुदतरावांनी अध्यक्षांना फोन लावला. मुलीने पुढे होऊन आवाज मोठा करून ठेवला, न्यायदान उघड्यावर व्हावं म्हणून. मुदतरावांनी सगळं सांगितलं. आरामखुर्ची, दम, भुवई, "हं?", काही राखून ठेवलं नाही. पलीकडे अध्यक्ष मोठ्याने हसत सुटले.

"अहो, मग आम्ही इतकी वर्षं चुकीच्या माणसाला बैठकीचा भत्ता देतोय! उद्या त्यांनाच पाठवा की. समितीत घेऊ या त्यांना. विचारा, विचारा, येतील का?"

मुदतरावांनी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते विनम्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

बाईंनी उरलेला मसुदा मांडीवर घेतला, पाय स्टुलावर टाकले आणि पहिलं पान उघडलं.

"सांगा त्यांना," त्या म्हणाल्या, "मला घरी शांतता लागते."