हरकाम्याची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी घडीची शिडी आहे. अ‍ॅल्युमिनियमची, सात पायऱ्यांची. कारखान्यात माझ्या अंगाला भोके पाडली, रिबिटी ठोकल्या, पायांत रबरी बूट घातले आणि मला दुकानात उभे केले. तिथून एका माणसाने मला नेले. नळ गळो, कडी निखळो, पंखा कुरकुरो, बोलावले की हा हजर. म्हणून सगळे त्याला हरकाम्या म्हणत.

सुरुवातीला आमची नुसतीच धावपळ होती. सकाळी गावाच्या या टोकाला एक खिळा ठोकायचा, दुपारी त्या टोकाला पडद्याची दांडी बसवायची. "द्या काय द्यायचं ते," असे तो म्हणायचा आणि लोक खरोखरच काहीतरी देत.

त्याची बायको घरी कपडे शिवत असे. एक दिवस तिने मशीन थांबवले.

"अहो, मी शिलाई आधी सांगते, मग कापडाला कात्री लावते. तुम्ही काम झाल्यावर लोकांच्या तोंडाकडे बघत बसता. आणि एका खिळ्यासाठी अख्खं गाव ओलांडता?"

"मग काय, येत नाही म्हणू?"

"येतो म्हणा, पण मंगळवारी. एका भागातली सगळी कामं एकाच दिवशी. दर आधी सांगा. आणि जे काम जमत नाही, त्याला सरळ नाही म्हणा."

हे पटायला त्याला महिना लागला, पण मग घडी बसली. एकदा एका निवृत्त शिक्षिकेला नवा नळ हवा होता. हरकाम्या म्हणाला, "बाई, नळ ठणठणीत आहे. फक्त वायसर गेलंय." बाईंनी ही गोष्ट इमारतभर सांगितली. पुढे त्या इमारतीची सगळी डागडुजी आमच्याकडेच आली आणि प्रथमच खर्च भागून चार पैसे उरू लागले.

त्याने नवे ड्रिल मशीन घेतले. ते रोज पुसून ठेवी. माझे बूट मात्र झिजले होते. फरशीवर मी सरकू लागले. बायकोने दोनदा आठवण करून दिली. "बघू उद्या," तो म्हणाला.

त्याच बाईंच्या स्वयंपाकघरात माझा पाय निसटला. हरकाम्या पाचव्या पायरीवर होता. त्याला सावरणे माझ्या हाती नव्हते. त्याचे उजवे मनगट मोडले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर आले.

दुसऱ्या दिवशी फोन वाजू लागले. "नाही म्हणून सांग सगळ्यांना," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "जातील दुसरीकडे. संपलं."

बायकोने फोन उचलला. "हो, येतेय मी," ती म्हणाली.

"तू?"

"स्क्रू फिरवायला मिशा लागतात का?"

निघण्यापूर्वी तिने मला आडवे केले आणि नवे बूट घातले. मग फोन आलेल्या घरी पोहोचल्यावर ती माझ्यावर चढली. हरकाम्या खाली मला डाव्या हाताने धरून उभा राहिला. "थोडं डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे!" पहिले भोक वाकडे पडलेच. तिने ते लपवले नाही. घरमालकाला दाखवले, बुजवले, पुन्हा पाडले आणि त्या जास्तीच्या वेळेचे काही घेतले नाही.

अर्धवट राहिलेले काम पुरे करायला ती बाईंकडे गेली. बाई हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी फरशी मीच ओली ठेवली होती, गं. सांगायचा धीर झाला नाही. आता तूच येत जा. एकटी असते मी, बाईमाणूस आलेलं बरं वाटतं."

असे वाटणाऱ्या आणखी पुष्कळजणी निघाल्या. प्लास्टर निघाले, तरी तिने शिवणाचे मशीन पुन्हा उघडले नाही. आता दोघे दोन भागांत जातात आणि धंदा दुप्पट चालतो. तिच्यासाठी नवी, हलकी शिडी आली, तेव्हा मला वाटले, आपण आता भंगारात जाणार. पण हरकाम्या अजून मलाच खांद्यावर घेतो. चढण्यापूर्वी गुडघे टेकून माझे चारही पाय चाचपतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात दारामागे एखादी शिडी उभी असेल. तिला बोलता येत नाही, ती फक्त सरकते. ती सरकलेली दिसली, तर कुणी वर चढायच्या आत तिच्याकडे बघा.