पुसलेला कोपरा

मी एक जुना पांढरा फळा आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या काळ्या फळ्याचा मी धाकटा भाऊ. त्याच्या अंगाला खडू लागतो, माझ्या अंगाला पेनाची शाई, एवढाच काय तो फरक. सध्या मी सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभा आहे.

पत्र्यावर गुळगुळीत रंग चढवून मला घडवले. दोघा भावंडांनी मला विकत घेतले आणि जिन्यावरून वर नेताना माझा एक कोपरा ठेचला. भावाने जीभ चावली. त्याला सगळे दादा म्हणत आणि त्याच्या धाकट्या बहिणीला ताई. ताईने त्याच ठेचलेल्या कोपऱ्याभोवती चौकट आखली आणि म्हणाली, "हा आपला चुकांचा कोपरा."

ज्याची चूक, त्यानेच ती तिथे स्वतःच्या हाताने लिहायची. दुरुस्त झाली की दुसऱ्याने तपासून मगच पुसायची. कोपरा मोकळा झाल्याशिवाय माल बाहेर पडायचा नाही.

दवाखान्यात ज्या फ्रिजमध्ये लशी ठेवतात, त्यावर बसवायचे एक छोटे यंत्र ही दोघे बनवत. आतली थंडी कमी झाली की त्याचा भोंगा वाजे. यंत्र ताईच्या डोक्यातले, गिऱ्हाइके दादाच्या जिभेवरची. दादाने एकदा लिहिले, 'न विचारता तारीख कबूल केली.' ताईने खाली लिहिले, 'गप्पांच्या नादात तार उलटी जोडली.' लिहिताना दोघे पोट धरून हसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे दोन खोल्यांचे तीन मजले झाले. धंद्याचे आणि आयुष्याचे धडे सांगायला दादाला जागोजागी बोलावणी येऊ लागली. एक दिवस मुलाखतीला कॅमेरेवाले यायचे ठरले. ताई तेव्हा यंत्रे बसवायला परगावी गेली होती. जाण्यापूर्वी तिने कोपऱ्यात लिहून ठेवले होते: 'वीज जाऊन आली की नव्या यंत्राचा भोंगा मुका होतो. चूक माझी.'

दादाने मला वरपासून खालपर्यंत पुसले. तो कोपराही पुसला, न वाचताच. मग अक्षरे कॅमेऱ्यात ठसठशीत दिसावीत म्हणून पुसली न जाणाऱ्या शाईने सात धडे लिहिले. सातवा नेमका त्या कोपऱ्यात बसला: 'चुकांपासून शिका.' मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

ताईने परगावाहून फोन करून कोपऱ्यात तिचे काही उरले आहे का, असे विचारले. माल पाठवणाऱ्या काकांनी पुसलंय म्हणून सांगितले. हाताखाली आता दहाजण होते. कुणीतरी दुरुस्त करून तपासले असणार, असे तिने धरले. माल गेला.

तीन आठवड्यांनी एक परिचारिका थेट आमच्या दारात उभी राहिली. वीज जाऊन आली होती, फ्रिज पुन्हा सुरू झाला नव्हता आणि भोंगा गप्प होता. आतली लस बिघडली आणि तीच बाळांना टोचली गेली होती. ती दादाला एवढेच म्हणाली, "चाळीस बाळांना पुन्हा टोचावं लागेल. त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

ती गेल्यावर ताईने स्पिरिटने घासघासून सातवा धडा काढला, पेनाचे टोपण काढले आणि पेन दादापुढे धरले.

"लिही, दादा. तू लिहिलंस तरच मी इथे काम करू शकेन."

सगळी माणसे बघत होती. दादा म्हणाला, "उद्या लिहितो." ताईने पेन तसेच उघडे माझ्या पट्टीवर ठेवले आणि आपली पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी दादाने लिहिले नाही आणि ताईही आली नाही.

मग काचेचा नवा फळा आला. माझी रवानगी इथे झाली, पेनासकट.

परवा दुपारी दादा एकटाच आला. केस बरेच पिकले होते. त्याने खुर्च्या बाजूला सारल्या, तेच पेन घेतले आणि कोपऱ्यात सावकाश लिहिले: 'न वाचता पुसले. चूक माझी.' पेन केव्हाच वाळले होते. त्याने पुन्हा गिरवले, दाबून गिरवले. एकही अक्षर उमटले नाही. मला मात्र शब्द न् शब्द कळला, पण तो ताईपर्यंत पोचवायला मला पाय नाहीत.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. पुसण्याआधी वाचा. आणि चूक कबूल करायची असेल, तर पेनात शाई आहे आणि वाचणारे माणूस समोर उभे आहे, तोवरच करा.