छत्तीसावा धागा

मी पाटी बोलतेय, पण शाळेतून नव्हे. सोलापुरातल्या एका विणकराच्या घरी सुताला लावायच्या खळीचं मडकं आहे, त्यावर मी झाकण म्हणून पडले आहे. वाफेनं माझी लाकडी चौकट फुगली आहे.

दोन वर्षांपूर्वी या विणकरानं, गुंडानं, मला नव्या पेठेतून आपल्या लेकीसाठी, काशम्मासाठी, आणलं. घरात सगळे तेलुगू बोलत. मराठी तिला शाळेतच भेटली. बेरीज, भागाकार ती भराभर करी. मला पुसायची ओली चिंधी तिच्या परकराला बांधलेली असे.

चौथीत मोठे शब्द आले. शाळेतल्या मथुराबाईंनी माझ्यावर 'लघुतम साधारण विभाज्य' असं लिहून व्याख्या पाठ करायला सांगितली.

"बाई, विभाज्य म्हंजे काय?" काशम्मानं विचारलं.

"जिला निःशेष भाग जातो ती संख्या."

"निःशेष म्हंजे?"

वर्ग हसला. मागून एक मुलगी म्हणाली, "हिच्या हातात मागाचा धोटा द्या की, बाई." बाई रागावल्या नाहीत. पाठ केलंस की आपोआप समजेल, म्हणाल्या. काशम्मानं पाठ केलं. पुन्हा मात्र तिनं काही विचारलं नाही.

परीक्षेला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आले. पास झालीस तर शाळा, नाहीतर घरी सुताच्या कांड्या भरायला बस, असं गुंडानं बजावलं होतं. साहेबांनी बारा आणि अठरा यांचा लघुतम साधारण विभाज्य विचारला. काशम्मानं व्याख्या न अडखळता म्हटली.

"आता काढून दाखव."

पेन्सिल माझ्यावर टेकली आणि तिथंच राहिली. एक ठिपका उमटला. साहेब पुढच्या मुलीकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून ती कांड्या भरू लागली. आठवड्यानं गुंडा मागावर नवी किनार जुळवत होता. दर बाराव्या धाग्याला लाल, दर अठराव्याला पिवळा. दोन्ही रंग पहिल्यांदा एकाच धाग्यावर कुठं येतील, असं तो पुटपुटत मोजू लागला.

"छत्तीसाव्याला, नायना," काशम्मा मान वर न करता बापाला म्हणाली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"यात शिकायचं काय? दिसतंय की. गणित मला कुठं येतं?"

मी तिथंच होते. अगं, हेच तर ते, असं मला किती सांगायचं होतं! पण कुणी लिहिलं तरच मी बोलते, आणि आता लिहिणारं कुणी नाही.

तुमच्यापैकी कुणाचं इकडं येणं झालं तर मला मडक्यावरून उचला. तो लांबलचक शब्द माझ्यावर लिहा आणि त्याखाली धागे ओढा. पस्तीस झाले की थांबा. छत्तीसावा तिला ओढू द्या.