उसने बैल

वाचकांनी आधी मला क्षमा करावी. आमच्या घरात आजवर कुणी पोस्टकार्डापलीकडे काही लिहिलेले नाही, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. तेव्हा मासिकाच्या पानावर आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार मला कुठून आला, हे माझे मलाच सांगता येत नाही. शिवाय शब्दचित्रे माणसे आपल्या आवडत्या माणसांची काढतात, असे मी वाचून पाहिले आहे. मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांचे माझ्यावर प्रेम नाही. माझे त्यांच्यावर असेल असे छातीवर हात ठेवून मला म्हणवत नाही. तरी लेखणी उचलली की कानात एकच आवाज येतो, दगडावर घासल्या जाणाऱ्या कोयत्याचा. खर्र असा एक लांब घसारा, मग पाण्याचा शिंतोडा पडण्याइतकी शांतता, आणि मग तोच घसारा पुन्हा, अधिक बारीक, अधिक जवळ आल्यासारखा. हा आवाज म्हणजे माझे थोरले चुलते, आबा.

आमचे गाव कुडपण. माघ सरत आला की माळावरचे गवत वाळून पांढरे पडते, खिंडीतून कोरडा वारा सुटतो, आणि माणसे झाडांवर चढून राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, फांद्या तोडू लागतात. त्या दिवसांत सगळ्या डोंगराला ओल्या सालीचा आणि राखेचा वास असतो; झाडे हात छाटल्यासारखी उभी असतात. इतरांसाठी हा ऋतू येतो आणि जातो. आबा बारा महिने त्याच ऋतूत राहत. पावसाळ्यातही त्यांच्या बोलण्याला वाळल्या पाचोळ्याचा कडकडाट असे, आणि एखाद्या मऊ शब्दाचा कोंभ चुकून वर आलाच, तर त्यावर त्यांचाच कोयता आधी पडे.

मी लहान असताना माझे वडील गेले आणि घराचा कारभार आबांकडे आला. त्यांना मूल नव्हते. मला त्यांनी खाऊ घातले, अंगावर कपडा घातला, पण समोर बसवून कधी बोलले नाहीत. ज्याच्यावर राग असेल त्याच्याकडे पाठ करून बसायची त्यांची रीत होती, आणि राग बहुतेक सगळ्यांवर असे. म्हणून मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठ अधिक ओळखीची आहे. उन्हात रापलेली, मधोमध खोल पन्हळ असलेली ती पाठ म्हणजे माझ्या बालपणाची भिंत होती. मी महाडच्या हायस्कुलात जातो म्हणालो तेव्हा तीच पाठ म्हणाली, "जा. शाळंत नाचणी पिकती का बघून ये."

वर्षातून एकदा मात्र मला त्यांचा चेहरा दिसे. शिमग्याला गावाची होळी पेटली की पहिला नारळ आगीत टाकण्याचा आणि पालखीला पुढून पहिला खांदा देण्याचा मान आमच्या घराचा. ढोल थांबत. आबा एकटे पुढे होत, नारळ कपाळाला लावत, आणि ज्वाळा उंच उठल्यावर त्यांचा चेहरा असा उजळे की हा माणूस रोज आमच्या पडवीत बसतो यावर विश्वास बसू नये. त्या उजेडात ते कुणाचे शत्रू दिसत नसत. मग राख होई, पहाट होई, आणि पाठ पुन्हा आमच्याकडे वळे.

मॅट्रिकच्या वर्षी मला कॉलेजची स्वप्ने पडू लागली. घरून काही मिळणार नाही हे उघडच होते. महाडच्या वाचनालयात मी रोज वर्तमानपत्रांचे कोपरे धुंडाळी, शाळेच्या फळ्यावर डकवलेला प्रत्येक कागद वाची. शिष्यवृत्त्या होत्या, पण कुणी आपल्या ज्ञातीसाठी ठेवलेल्या, कुणी आपल्या गावासाठी. माझे नाव बसेल असा उंबरठा सापडेना. अखेर आमच्या मराठीच्या सरांना मुंबईच्या एका धर्मादाय निधीची माहिती मिळाली. डोंगरातल्या गरीब, हुशार मुलाला तो निधी कॉलेजचा सगळा खर्च देणार होता. फक्त त्यांचा माणूस घरी येऊन परिस्थिती पाहणार. शाळेच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज माझ्याकडे सरकवताना मला खालून वर न्याहाळले. "तुम्हां डोंगरातल्यांचं बरं आहे," तो म्हणाला. "जमिनी खायच्या, आणि वर अर्ज करायचे."

मी घरी जाऊन आबांच्या पाठीला सगळे समजावून सांगितले. गरिबी पाहायला माणूस येणार आहे. जे आहे तेवढेच दिसू द्या. कोयता थांबला.

"गरिबी काय दावायची वस्तू हाय?"

"आबा, त्यावरच ठरणार हाय."

"मग न ठरू दे."

आमच्या वाडीची एक जुनी चाल आहे. कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार असले की सगळी वाडी आपापले चांगले तेवढे त्या घरी नेऊन ठेवते. एकाची पितळी घागर, दुसऱ्याची सतरंजी, तिसऱ्याची दुभती म्हैस. पाहुण्यांसमोर घर उघडे पडले तर वाडी उघडी पडते, अशी समजूत. निधीचा माणूस येणार त्या दिवशी मी त्याला घ्यायला पोलादपूरला उतरलो होतो. शहरी, सभ्य, चढणीने धापा टाकणारे गृहस्थ. दर वळणावर ते थांबून समोरच्या गडाकडे पाहत आणि मी मनातल्या मनात आमच्या गळक्या छपराचे आभार मानी. दारात पोचलो आणि पाहतो तो काय. पडवीत सतरंजी. भिंतीशी चकाकत्या घागरींची उतरंड. गोठ्यात आमचा एकुलता म्हातारा बैल कुठे दिसेना. तिथे सखाराम पाटलांचे शिंगांना रंग दिलेले उमदे बैल रवंथ करत उभे. आणि आबा, फेटा बांधून, तोंड पाहुण्यांकडे करून बसलेले.

"बैल छान आहेत," गृहस्थ म्हणाले. "आपलेच ना?"

"माज्या गोठ्यात लोकाचं कशाला ऱ्हातील?"

आई दाराआड उभी होती. तिने पदर तोंडात धरला. मी काही बोलणार तोच आबांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या दृष्टीत माघातला सगळा कोरडा वारा होता. पाहुण्यांना पेलाभर दूध मिळाले, शेवयांची खीर मिळाली. ते तृप्त होऊन उठले. दिवस कलला तशी पाटलांच्या बैलांना घरची ओढ लागली. दावी ताणून ते हंबरू लागले आणि पलीकडून पाटलीणबाईंची हाक आली, तशी बैलांनी खुंटा हलवून टाकला. गृहस्थ हसून म्हणाले, "जनावरं धष्टपुष्ट असली की दंगा करायचीच."

काही दिवसांनी उत्तर आले. कुटुंब सुस्थितीत असल्याने अर्जाचा विचार करता येत नाही. कारकुनाने ते वर्गात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले आणि म्हणाला, "काय रे, बैलजोड्या बांधून भीक मागतोस?" वर्ग हसला. मी त्या दुपारी सावित्रीच्या काठाने चालत सुटलो, आणि पाण्यावरच्या उन्हाचा सुद्धा मला संताप येत होता.

घरी पोचलो तो संताप घेऊनच. "माजं वाटोळं केलंत तुमी," मी म्हणालो. आबांपुढे इतक्या मोठ्याने आमच्या घरात कुणी बोलले नव्हते.

"तुजा बाप माजा भाऊ व्हता," पाठ म्हणाली. "त्याच्या पोराला भिकारी म्हणून लिवून देऊ? माज्या हातानं?"

"पोटात नाय तर फेट्याचा मान कशाला?"

कोयता दगडावर आपटला. आई मध्ये पडली. तिने आबांना एवढेच विचारले, "भावजी, मग तो करील काय? फांद्याच तोडील ना?" आबा उठून बाहेर गेले.

सरांनी मुंबईला पत्र घातले. निधीने कळवले की पालकाने स्वतः गावच्या पंचांसमोर खरी परिस्थिती सांगावी, पंचांनी खाली सह्या-अंगठे करावेत, म्हणजे पुन्हा पाहता येईल. मी ते आबांना सांगितले नाही. सांगण्यासारखे आमच्यात काही उरले नव्हते. आईने सांगितले असावे. कारण पुढल्या सोमवारी गावकी देवळात जमली तेव्हा सगळ्यांच्या शेवटी आबा आले. डोक्याला फेटा नव्हता. गावच्या शाळेचे मास्तर कागद घेऊन बसले होते.

सखाराम पाटील खांबाला टेकून होते. ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "का रे आबा, आज बैल कुठं चरायला गेलं?"

देऊळ हसले. ते हसू ओसरेपर्यंत आबा उभे राहिले. मग कुणाकडेच न पाहता, गाभाऱ्यातल्या समईकडे पाहत, त्यांनी सांगितले:

"बैल तुमचं व्हतं, पाटील. घागरी धोंडीच्या घरच्या. सतरंजी खालच्या वाडीची. माजं म्हनावं आसं माज्या घरात काय नाय. लिवा मास्तर. नीट लिवा."

आता कुणी हसले नाही. अंगठे उठले. आबा वळले, माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबले. मला वाटले, आता काही बोलतील. ते बोलले. "झालं तुज्या मनासारखं? आता माज्या म्होरं येऊ नको."

परीक्षेनंतर निकाल लागला, शिष्यवृत्तीही मिळाली. आषाढाच्या तोंडावर मी वरंधच्या घाटाने पुण्याला निघालो त्या सकाळी आई पाणंदीपर्यंत आली. घराच्या मागून तो घसारा ऐकू येत होता. मी धुक्यात शिरलो तरी थांबला नाही. मी त्याच्याशी मनात भांडत भांडतच घाट चढलो. निरोपाचा एक शब्द न देणारा हा माणूस, देवळातल्या चार वाक्यांची किंमत माझ्याकडून जन्मभर वसूल करणार, असे मला वाटले. सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी शब्द पाळला. मी पडवीत आलो की ते परसात जात, परसात गेलो की रानात. मीही मग घरी कमीच राहू लागलो. ती पाठ पाहत बसण्यापेक्षा महाडच्या एका दुकानात माल तोलणे मला सुखाचे वाटे. आमच्या वैराला आता एक प्रकारची शिस्त आली होती.

आता मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा धोंडीकाकांचा गणू वसतिगृहावर आला. तो इथे मंडईत हमाली करतो. शिमग्याला गावी जाऊन आला होता. आईने दिलेली नाचणीची भाकरी आणि सुकट त्याने माझ्या टेबलावर ठेवली. मी सहज विचारले, "होळी कशी झाली? आबांचा नारळ एका दमात पडला का मधी?"

गणू उठत होता, तो पुन्हा बसला.

"येड घेतो का रं? तुला ठावं नाय?"

"काय?"

"नारळ पाटील टाकतो आता. खांदाबी त्याचाच. तिसरा शिमगा ह्यो." तो चाचरत बोलू लागला. "तू तिकडं म्हाडला पेपर लिवत व्हतास तवाच झालं. गावकी म्हनली, ज्यानं पंचात उभं ऱ्हाऊन माजं काय नाय म्हनून लिवून दिलं, त्याचा पयला नारळ देवाला कसा चालंल? पाटलानंच काढलं ते. आबा 'बरं' म्हनला आन् उठला."

"मला कुणीच कसं बोललं नाय?"

"ज्याचा मान गेला त्याच्या घरात कोन बोलतं रं? आन् आबाला त्ये ठावंच व्हतं की. देवळात यायच्या आदीच. माजा बा सांगतो, त्या सोमवारी देवळाकडं जाताना आमच्या दारात थांबून म्हनला व्हता, धोंड्या, औंदाचा नारळ आपला नाय."

मी भाकरी उलगडली नाही. विचारले, "मग आबा शिमग्याला करतात काय?"

"काय करनार. ढोल वाजाय लागलं की परसात बसतो कोयता घासत. नारळासाठी ढोल थांबतात ना, तवा सगळ्या गावाला ऐकू येतं."

"माझ्यासाठी काय निरोप?"

"नाय," गणू म्हणाला. "काय नाय."

तो गेल्यावर मी लिहायला बसलो. आबांविषयी माझ्या मनातली अढी निघून गेली असे लिहिले तर ते खोटे होईल, आणि माझ्याविषयी त्यांची निघाली असेल असे मानण्याचा मला हक्क नाही. पण काळ माणसाला नेतो तेव्हा नेहमी माणसालाच नेतो असे नाही. कधी तो माणूस तिथेच, परसात बसलेला ठेवतो, आणि ज्या एका उजेडात आपण त्याचा चेहरा पाहिलेला असतो तेवढाच उचलून नेतो, मग स्मरणाने कितीही फुंकर घातली तरी हाती येते ती पाठ.