भरलेला कप

कोर्टाने त्यांना घरी जायची परवानगी दिली, घर बांधायची दिली नाही. सबहाला त्याचं काही नवल वाटलं नाही. नवऱ्याबरोबर, मुतलकबरोबर, ती डोंगरावरच्या वस्तीत परतली तेव्हा घराची दारं गायब होती, पाण्याची टाकी फोडलेली होती आणि विहीर दगडांनी बुजवलेली होती. युद्ध सुरू झालं तेव्हा पलीकडच्या टेकडीवर जमीन बळकावून बसलेले वसाहतवाले बंदुका घेऊन आले आणि त्यांनी सगळी वस्ती हाकलून लावली, त्याला वर्ष होत आलं होतं. पडक्या भिंतीला ताडपत्री बांधून दोघं राहू लागली. कायद्याने ती ताडपत्रीसुद्धा चालत नव्हती.

बाकी कुणी आलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष होतं मुतलकच्या धाकट्या भावाकडे, सलीमकडे. पोराबाळांचा तो माणूस आला तर इतरही येतील. नाहीतर दोन म्हाताऱ्यांना हुसकायला कितीसा वेळ लागणार? म्हणून निघण्याआधी मुतलक आणि सबहा याट्टा गावात सलीमच्या भाड्याच्या खोलीवर गेली होती. सलीमने कॉफी पुढे केली. मुतलकने कप घेतला आणि तसाच जमिनीवर ठेवला.

"पी की, दादा."

"आधी शब्द दे. पोरांना घेऊन परत येशील."

पाहुणा असा कप खाली ठेवतो तेव्हा त्याचं मागणं मोठं असतं. मागणं मान्य असेल तर यजमान 'पी आता' म्हणतो; कप भरलेलाच राहिला तर घरच्यांची अब्रू जाते. दाराआड सलीमची बायको मुसमुसत होती. सलीमने एकदा तिकडे पाहिलं.

"शुक्रवारी येतो," तो शेवटी म्हणाला. "पी आता."

मुतलक प्यायला.

इथे वस्तीवर बुधवारी वसाहतीतला यारोन आला. पूर्वी तो याच अंगणात शेळ्यांसाठी पाणी मागायला यायचा. अरबी शिकला तो इथेच बसून, सबहाच्या हातची गरम भाकरी खात. आता खांद्यावर बंदूक होती. तो सरळ येऊन चटईवर बसला आणि मुतलक चुलीकडे वळला.

"डोकं फिरलंय का तुमचं?" सबहा फणकारली. "याला कॉफी?"

"चटईवर बसला तो पाहुणा. मी काय करू?"

जन्माची खोड, ती काय एका वर्षात जाते? तिला नवऱ्याचा राग आला आणि कीवही आली.

यारोनने कप नाकाशी नेला आणि हसत जमिनीवर ठेवला. "वेलची छान पडलीय, मावशी. पण आधी शब्द द्या. उद्या इथून निघायचं. मग पितो."

हेही शिकून ठेवलं होतं मेल्याने! हा नवरा आता भिडेपोटी होसुद्धा म्हणेल, अशी भीती सबहाला वाटली. तिने तो कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

"पाहुण्याची होती," ती म्हणाली. "पाहुणा कुणी आलेलाच नाही."

यारोन हसतच उठून गेला. दुसऱ्या रात्री ताडपत्री पेटली. अंथरूण ओढून काढताना मुतलकचा हात भाजला. सकाळपासून तो रस्त्याकडे तोंड करून बसला. "आज सलीम येणार," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. सबहालाही तेवढाच आधार होता.

दुपारी सलीमची गाडी आली. पोरं नव्हती. सामान भरायला मागची जागा मोकळी ठेवलेली होती.

राखेकडे बघत तो भिंतीपाशी टेकला. सबहाने निखारे फुंकले, काळवंडलेल्या भांड्यात कॉफी केली आणि कप त्याच्या हातात दिला. भावाकडे न बघता सलीमने तो जमिनीवर ठेवला.

"दादा, माझ्याबरोबर याट्टाला चल. वहिनी, तुम्हीही. हो म्हणा, मगच पितो."

यारोनचा कप सबहाने पिऊन टाकला होता. या कपाकडे तिचा हात जाईना. हा खरंच पाहुणा होता, घरचा होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

मुतलकने भाजलेल्या हाताने कप भावापुढे सरकवला.

"पी आता," तो म्हणाला.